थाळीच्या आवाजाला वळली, म्हणून ऐकू येतं असं नाही

भाऊ, माझ्या लेकीला ऐकू येत नाही हे किती उशिरा कळलं, त्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. मी खान्देशातल्या आजी-आजोबांना अडाणी ठरवलं, नवसाला नावं ठेवली, असं तुम्ही म्हणता. तुमचा पुतण्या २० महिन्यांचा आहे, अजून एक शब्द बोलत नाही, पण 'पोर आपल्या वेळेला बोलतं' म्हणून घरात कुणाला काळजी नाही, असंही लिहिलंय.

अडाणी मी कुणालाच म्हटलं नाही. माझ्याच सासूबाई म्हणायच्या, "तिना बाप बी तीन वरीसना व्हयना तवय बोलना." त्यांनी लेकीच्या पाठीमागे स्टीलची थाळी आपटली, लेक वळली, आणि आम्ही सगळे निश्चिंत झालो. फरशीवर बसलेल्या मुलाला थाळीचा हादरा कळतो, हे फार उशिरा समजलं. बेरा तपासणी, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी, झाली तेव्हा ती अडीच वर्षांची होती. झोपवून, कपाळाला नि कानामागे तारा चिकटवून. दोन्ही कानांत मोठा दोष निघाला. खरं तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत कानाला ऐकायचं मशीन लागायला हवं. मशीन लावलं त्या दिवशी ती सासूबाईंच्या हाताकडेच बघत राहिली. बांगड्या वाजतात, हे तिला तेव्हा कळलं. सासूबाई रडल्या.

ऐकून भाषा शिकायचे पहिले दिवस म्हणजे शेतातला वापसा, पेरणीला नेमकी ओल असते तो काळ. तो गेल्यावर पेरलं तर उगवतं, पण विरळ.

आणि उशीर नवसामुळे झाला नाही. चैत्रात आम्ही वणीला पायी जातो, पुढेही जाऊ. उशीर झाला तो भीतीमुळे. 'बहिरी' हा शब्द गावात फुटला तर धाकट्या नणंदेची स्थळं परत जातील, ही भीती. ती मलाही होती.

तुमचं एक म्हणणं मात्र शंभर टक्के पटलं. कापूस वेचणीत रोजंदारी बुडवून जिल्ह्याच्या गावी चकरा मारणं किती अवघड, ते मी लेखात लिहायलाच हवं होतं.

पुतण्याबद्दल सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासायला येतं. फुकट असतं, गरज वाटली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पण पुढच्या फेरीची वाट बघू नका, अंगणवाडीताईंना उद्याच भेटा. कान चांगले निघाले तर इथे जरूर लिहा, मला खूप आनंद होईल. नाही निघाले, तरी माझ्या लेकीपेक्षा तो दहा महिने आधी पोचलेला असेल.