दोन पाडवे आणि एक डायरेक्ट डेबिट

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर विजेच्या मीटरवरून जुंपली आहे. साताऱ्यात दादाच्या सोसायटीत वापर आपोआप कळवणारे स्मार्ट मीटर बसवायला माणसं आली आणि सोसायटीने त्यांना गेटवरूनच परत पाठवलं. "आज पोस्टपेड म्हणतायत, उद्या रिचार्ज मारायला लावतील," हे दादाचं म्हणणं. पुण्यातला मामेभाऊ आयटीवाला. त्याच्या मते जगात सगळीकडे पैसे आपोआप जातात, आपल्यालाच रांगेत उभं राहायची हौस. शेवटी त्याने हुकमाचं पान टाकलं : "ताईला विचारा. तिकडे बिल कधी आलं नि कधी गेलं, कळतसुद्धा नाही."

कळत नाही हे खरंच आहे, आणि दुखणंही तेच आहे.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. गावाचं स्पेलिंग 'रीडिंग'सारखंच, म्हणून बाबांच्या लेखी मी 'मीटर रीडिंगच्या गावी दिलेली मुलगी'. इथे बहुतेक घरांचं वीज आणि गॅसचं बिल डायरेक्ट डेबिटने, म्हणजे बँक खात्यातून परस्पर, जातं. मामेभावाला वाटतं तसं, जेवढं वापरलं तेवढं बिल आणि तेवढेच पैसे खात्यातून वळते, असं ते सहसा नसतं. कंपनी वर्षभराचा वापर अंदाजाने धरते, त्याला दराने गुणते, बाराने भागते आणि तेवढा ठरावीक हप्ता दरमहा उचलते. जुलैत माझ्या घराचा खरा खर्च नव्वद पौंडांच्या आसपास असतो, जानेवारीत हीटिंग दिवसभर चालू असलं की सव्वादोनशेच्या वर जातो. हप्ता मात्र दोन्ही महिन्यांत सारखाच. उन्हाळ्यात जास्तीचे भरलेले पैसे खात्यावर जमा होत राहतात आणि थंडीत ते खर्ची पडतात.

कल्पना वाईट नाही. आमच्या आजीने पावसाळ्याआधी शेणी रचून ठेवण्यातलीच ती आहे. फरक इतकाच की आजीच्या शेणी आजीच्या परसात असायच्या. इथे त्या दुसऱ्याच्या वखारीत असतात, आणि किती रचायच्या हेही तोच ठरवतो.

हे मला कळलं ते एका नोव्हेंबरात. आम्ही घर घेऊन काही महिने झाले होते. हप्ता होता 142 पौंड. एके दिवशी ईमेल आला की पुढच्या महिन्यापासून 214. खाली कसलं तरी हिरवं पान आणि 'तुमची काळजी आम्हाला आहे' छापाचं वाक्य. नवऱ्याचं म्हणणं, भाव वाढले असतील, जाऊ दे. मी फोन लावला. चाळीस मिनिटं तेच ते संगीत ऐकल्यावर एक मुलगी लाईनवर आली. मी तिला एकच प्रश्न विचारला : वर्षाला किती युनिट धरले आहेत? गॅसचे साडेसतरा हजार, विजेचे एकोणचाळीसशे. आमचा खरा वापर गॅसचा अकरा हजारांच्या आणि विजेचा अडीच हजारांच्या घरात. साडेसतरा हजार हे आधी राहणाऱ्या मोठ्या कुटुंबाचे आकडे होते. आमच्या घरातला मीटर नावाचा 'स्मार्ट', पण सुरुवातीच्या पिढीतला. आधीच्या लोकांनी कंपनी बदलली तेव्हापासून त्याची अक्कल गेली होती आणि तो कुणालाच काही कळवत नव्हता. सगळा कारभार अंदाजपंचे चालला होता. मी त्याच फोनवर रीडिंग दिलं, आणि हप्ता 150 वर आला.

तेव्हापासून माझा एकच सल्ला असतो. हप्ता वाढल्याचा ईमेल आला की दराच्या नावाने बोटं मोडण्याआधी युनिटचा अंदाज विचारा. दर तुमच्या हातात नाही, अंदाज थोडाफार आहे. नियमही बाजूने आहेत. हप्ता हाती असलेल्या चांगल्यात चांगल्या आणि ताज्या माहितीवरच ठरवला पाहिजे, अशी कंपनीच्या परवान्याचीच अट आहे. जमा रक्कम मागितली तर सबळ कारण असल्याशिवाय कंपनीला अडवता येत नाही. बारा महिन्यांपेक्षा जुन्या वापराचं, कंपनीनेच कधी न लावलेलं बिल आज अचानक मागता येत नाही, अर्थात तुम्ही स्वतःच आडकाठी केली नसेल तर. तक्रार आठ आठवड्यांत सुटली नाही तर ऊर्जा लोकपाल आहे. (लोकपाल म्हटल्यावर बाबा म्हणाले, "आपल्याकडेही विद्युत लोकपाल आहेच की. आधी गाऱ्हाणे निवारण मंच, मग लोकपाल." गाऱ्हाण्यापुढे इंग्रजांची 'कंप्लेंट' मात्र फिकीच.)

इथल्या दराबद्दल एक गैरसमज इथलेच लोक पिढीजात असल्यासारखा बाळगून आहेत. ऑफजेम ही नियामक संस्था 2019 पासून कमाल दर ठरवते, पूर्वी सहा महिन्यांनी, आता दर तीन महिन्यांनी. बातमीत आकडा येतो वर्षाचा : 2025 च्या ऑक्टोबरसाठी तो 1,755 पौंड होता. लोकांना वाटतं, बिलाला तेवढी मर्यादा आहे. मर्यादा युनिटच्या दराला आणि रोजच्या स्थिर आकाराला आहे. 1,755 हे 'सर्वसाधारण' घराचं गणित. जास्त जाळाल तर जास्त भराल. आणि काहीच जाळलं नाही तरी वीज-गॅस मिळून महिन्याला पंचवीस-सत्तावीस पौंड नुसत्या जोडणीचे द्यायचेच. महावितरणच्या बिलातल्या सव्वाशेच्या आसपासच्या स्थिर आकारावरून कुरकुरणाऱ्या दादाला हे सांगितल्यावर तो पहिल्यांदा गप्प बसला.

आता मुद्द्याचं. ग्राहकांची ही जमा रक्कम जाते कुठे? 2021 च्या उत्तरार्धात घाऊक गॅस भडकला आणि इथल्या पंचवीसहून जास्त कंपन्या धडाधड बुडाल्या. त्यातल्या काही ग्राहकांच्या शिलकीवरच धंदा फिरवत होत्या, म्हणजे माझ्या थंडीसाठी ठेवलेल्या शेणी त्यांनी आधीच जाळल्या होत्या. ग्राहकांचे पैसे बुडाले नाहीत, दुसऱ्या कंपन्यांकडे वळते झाले. पण तो खर्च शेवटी सगळ्यांच्याच बिलात वाटून टाकला गेला. पुढच्या वर्षी रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर भाव अशा उंचीला गेले की सरकारला 2022 च्या ऑक्टोबरपासून सर्वसाधारण घराचा आकडा अडीच हजारांवर रोखून धरावा लागला, आणि वर घरटी 400 पौंड सहा हप्त्यांत द्यावे लागले. त्याच उन्हाळ्यात 'डोन्ट पे' नावाची मोहीम निघाली : दहा लाख लोक तयार झाले तर सगळ्यांनी मिळून एक ऑक्टोबरला डायरेक्ट डेबिट रद्द करायचं. तेवढे लोक काही जमले नाहीत. पण 'बिल भरणार नाही' ही भाषा फक्त आपल्याकडचीच, हा माझा भ्रम तेव्हा गेला.

आपल्याकडची ती भाषा मला चांगली आठवते. 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदीत महावितरणने रीडिंग घेणं थांबवलं आणि हिवाळ्याच्या सरासरीने बिलं दिली. साताऱ्यातला डिसेंबर-जानेवारी, पंखा बंद. खरा वापर एप्रिल-मेचा, सगळं घर दिवसभर आत, पंखे गरगर. जूनमध्ये खरं रीडिंग आलं आणि फरक एकदम अंगावर आला. लोक म्हणाले लूट आहे; महावितरण म्हणालं वापर तुमचाच आहे. तीन हप्त्यांची सोय आणि एकरकमी भरल्यास दोन टक्के सूट मिळाली, पण राग गेला नाही. माझ्या नोव्हेंबरातल्या फोनचंच ते मोठं रूप होतं. मीटर न बघता केलेला अंदाज एका ठिकाणी कमी निघाला, दुसरीकडे जास्त. लोकांना पैशांपेक्षा झोंबलं ते दुसरंच. आपल्याच घरचा आकडा आपल्याला दुसऱ्याने सांगितला, तोही चुकीचा.

म्हणून मामेभावाला माझं उत्तर असं : पैसे आपोआप जाणं ही सोय आहे, प्रगती वगैरे नाही. सोयीलाही कुंपण लागतं, आणि इथलं कुंपण खरोखर चांगलं आहे. डायरेक्ट डेबिटची हमी असते. रक्कम बदलणार असेल तर आधी कळवावं लागतं, साधारण दहा कामाचे दिवस. चुकून जास्त उचलले तर बँक पूर्ण रक्कम लगेच परत करते, कंपनीशी भांडण तिने नंतर करायचं. (त्याने वीज कंपनीचं येणं मिटत नाही हे लक्षात ठेवावं, काही शहाणे हे विसरतात आणि मग थकबाकीत सापडतात.) आपल्याकडच्या ऑटोपेमध्ये 24 तास आधी संदेश येतो. मेमधलं तिप्पट बिल बघून, मीटर तपासून, तक्रार करायला 24 तास पुरतात का, हे त्याने स्वतःच सांगावं.

आणि दादाला उत्तर : तुझी धास्ती पोकळ नाही. इथे प्रीपेड मीटर कित्येक वर्षं आहेत, प्रामुख्याने गरिबांच्या घरात. वर्षानुवर्षं त्यांना डायरेक्ट डेबिटवाल्यांपेक्षा महाग दर पडायचा. 2023 च्या फेब्रुवारीत उघड झालं की थकबाकीदारांच्या घरात, आजारी माणसं आणि लहान मुलं असलेल्या घरातसुद्धा, कोर्टाच्या वॉरंटवर शिरून असे मीटर बसवले जात होते. मग ऑफजेमने ते थांबवायला लावलं. रिचार्ज संपला की कुणाला वायर कापायला यावं लागत नाही, घर आपोआप अंधारात जातं. त्यामुळे 2024 च्या जूनमध्ये फडणवीसांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नाही असं जाहीर केलं, ते मला बरं वाटलं.

पण दादा, मीटर स्मार्ट असणं आणि प्रीपेड असणं या दोन गोष्टी आहेत, आणि गेटवर तुम्ही दोन्हींना एकाच काठीने हाकललंत. माझ्या मीटरची अक्कल गेली म्हणून तर माझं नुकसान झालं. शिवाय दिवसा नऊ ते पाच वापरलेल्या युनिटला आता सूट आहे, ती नव्या मीटरशिवाय मिळत नाही. भांडायचंच तर ठेवीवर भांडा. दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी सुरक्षा ठेव महावितरणकडे आहेच. त्यावर व्याज मिळतं, हे इथल्यापेक्षा बरं. माझ्या उन्हाळी शिलकीवर मला दमडी मिळत नाही. पण उद्या कुणी प्रीपेडचा आग्रह धरलाच, तर 2003 चा वीज कायदा सांगतो की प्रीपेड घेणाऱ्याकडून ठेव मागता येत नाही. आधी ठेव परत, मग पुढची भाषा.

मी स्वतः इतकं सगळं होऊन ठरावीक हप्त्यावरच आहे. दरमहा प्रत्यक्ष वापराएवढं डेबिट निवडता येतं, मी एक वर्ष करून पाहिलं. जानेवारीत 231 पौंड गेले तेव्हा बाजूला काढलेले पैसे डिसेंबरातच भारताच्या तिकिटात उडाले होते. माझ्यापेक्षा कंपनीची शिस्त बरी, हे मान्य करून परत आले. फक्त आता वखारीवर नजर ठेवते. दर एक तारखेला मीटरचा फोटो काढते, आकडा पाठवते आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहिते, आई दुधाच्या खाड्याचा हिशेब लिहायची तसा.

मोजायला दोन पाडवे धरले आहेत. दिवाळीच्या पाडव्याला कंपनीकडची जमा सगळ्यात जास्त असायला हवी. माझ्या घराला अडीचशे-तीनशे पौंड. ती बघून हरखायचं नाही आणि परतही मागायची नाही. गुढीपाडव्याला, थंडी सरताना, खातं शून्याच्या अल्याडपल्याड हवं. तेव्हाही दोनशे शिल्लक असले तर हप्ता जास्त आहे, परत मागायचे. उलट कंपनीचंच आपल्याकडून शंभर येणं दिसलं तर हप्ता आपणच थोडा वाढवायचा, त्यांच्या ईमेलची वाट बघायची नाही. यंदाच्या गुढीपाडव्याला कंपनीचं माझ्याकडून अकरा पौंड येणं निघालं.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. मामेभावाने अंगठा दाखवला, दादाने "ठेवीचं बघतो" लिहिलं. बाबांनी त्यांच्या मीटरचा फोटो पाठवला, जरा हललेला, आणि खाली विचारलं : "तुझे या महिन्याचे किती?"