लूप सील म्हणजे नळाची तोटी नव्हे

सर्क्युलेटिंग फ्लुइडाइज्ड बेडमध्ये वाळूसारखे कण वायूच्या झोताने रायझर या उंच नळीतून वर उडतात, सायक्लोन त्यांना वायूतून वेगळं करतो, ते डाउनकमर या उभ्या नळीतून खाली येतात आणि तळाच्या लूप सील या हवेवर चालणाऱ्या वळणातून रायझरमध्ये परत जातात. अशा बेडवर काम करणाऱ्यांमध्ये एक सल्ला त्या बेडमधल्या वाळूइतकाच फिरत असतो : "लूप सीलची हवा वाढवा, कणांचा फेरा वाढेल, कमी करा, घटेल. नळाची तोटीच समजा. हवा कुठूनही सोडा आणि कण कसलेही असू देत."

आधी तोटीचं बघू. किमान हवा मिळाली नाही तर लूप सीलमध्ये वाळू घट्ट बसते, तेवढ्यापुरता सल्ला खरा. पण वाळू एकदा वाहती झाली की लूप सील वरून येईल तेवढीच पुढे देतं. वरून किती येणार हे ठरतं रायझरमध्ये : वायूचा वेग (बॉयलरमध्ये साधारण ४ ते ६ मीटर प्रति सेकंद), कणांचा आकार आणि एकूण साठा. सायक्लोनने जे पकडलंच नाही ते लूप सील आणणार कुठून? हवा आणखी सोडली तर ती डाउनकमरमधून वर चढते, सायक्लोनच्या तळाशी पोचते आणि हाती आलेले बारीक कण पुन्हा उडवून लावते. साठा घटतो, म्हणजे फेराही.

दुसरं, रायझरच्या तळाचा दाब अडवून धरतो तो डाउनकमरमधला वाळूचा स्तंभ. हवेने सैल झालेल्या वाळूचा १ मीटर स्तंभ फार तर १३-१४ किलोपास्कल पेलतो. पलीकडे दाब वाढला की इथली पातळी आपसूक चढते. त्याला कुणी चावी फिरवावी लागत नाही.

तोटीची उपमा लागू पडते ती एल-व्हॉल्व्हला, म्हणजे हवेच्या जोरावर कण पुढे सोडणाऱ्या इंग्रजी 'L' आकाराच्या नळीला. गंमत म्हणजे "हवा कुठूनही सोडा" हे तिथेच सगळ्यात महागात पडतं. हवा कोपराच्या थोडी वर, साधारण नळीच्या दीड-दोन व्यासांवर द्यायची. आडव्या नळीत सोडली तर ती कणांना न ओढता निघून जाते; फार वर सोडली तर बुडबुडे उतरत्या कणांची वाट अडवतात.

आणि कण? संशोधक गेल्डार्ट यांनी १९७३मध्ये केलेल्या कणांच्या वर्गीकरणातले 'बी' गटाचे, म्हणजे वाळूसारखे कण एल-व्हॉल्व्हला मानवतात. 'ए' गटाचे बारीक कण हवा धरून ठेवतात आणि कोपरातून पाण्यासारखे आपणहून वाहत सुटतात. हवा बंद करूनही थांबत नाहीत. म्हणूनच तेलशुद्धीकरणातल्या कॅटॅलिटिक क्रॅकिंगमध्ये, म्हणजे उत्प्रेरकाने जड तेल तोडण्याच्या प्रक्रियेत, सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या उत्प्रेरकाच्या अशाच बारीक कणांवरही, सरकती यांत्रिक झडपच बसवतात.