रजिस्टर हललेला पिझ्झा

गेल्या रविवारी संध्याकाळी कॉलेज रोडवरच्या एका साखळी पिझ्झा दुकानात, पाठीमागे भलीमोठी रांग उभी असताना, काउंटरवरच्या मुलाने मला ओरेगॅनोची तिसरी पुडी देण्यास नकार दिला. "सर, एका पिझ्झाला दोनच. एक्स्ट्रा हवी तर चार्ज पडेल," हे तो इतक्या खणखणीत आवाजात म्हणाला की रांगेतल्या शेवटच्या माणसालाही माझी ऐपत कळावी. त्याआधी भिंतीवरच्या पडद्यावर बोट दाबून दाबून मीच माझी ऑर्डर नोंदवली होती, माझा नंबर पुकारल्यावर मीच खोका उचलला होता, आणि खोका उघडण्यापूर्वीच "सर, फाइव्ह स्टार द्याल ना?" या प्रश्नाला मान डोलावली होती. इतकी सेवा केल्यावर एका पुडीची अपेक्षा अवाजवी नव्हती. पुडीचे पैसे मी दिले नाहीत, कारण प्रश्न तत्त्वाचा होता. तो दहा रुपयांचाच होता, असे आमच्या घरातले बहुमत आहे.

ओरेगॅनो म्हणजे काही केशर नव्हे. आपल्याकडे गजऱ्यात जो मरवा ओवतात, तो या ओरेगॅनोचा सख्खा चुलतभाऊ आहे, दोघांचे कूळ एकच. पंचवटीतल्या फुलवाल्या मावशी मरव्याची काडी नुसती मागितली तरी वर घालून देतात. त्याच कुळातली वनस्पती वाळवून, चिमूटभर मोजून, चकचकीत कागदात बांधली की तिला एवढा भाव का यावा, हे मला समजत नाही.

असो. दुकान गच्च भरलेले होते. कन्या आणि मी ज्या एकुलत्या रिकाम्या खुर्च्यांवर टेकलो, त्यांच्या समोर एक वयस्क गृहस्थ बसले होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट गळ्यापर्यंत बटणे लावलेला, चष्मा दोरीला अडकवलेला आणि खिशात पेनाशेजारी चक्क एक लहानशी स्टीलची पट्टी. त्यांची नातवंडे पलीकडच्या टेबलावर होती. आजोबांना त्यांनी या टेबलावर का बसवले असावे, याचा उलगडा मला पुढच्या पाच मिनिटांत झाला.

"थांबा," मी पहिला तुकडा उचलणार तोच ते म्हणाले. "न बघता उचलताय?"

"काय बघायचं, काका?"

"माल. बत्तीस वर्षं नाशिकरोडला नोटप्रेसमध्ये होतो. तपासणीला. समोर कागद आला की आधी कडा बघायच्या, मग बाकीचं."

एवढे बोलून त्यांनी आमचा खोका टेबलाच्या कडेला समांतर लावून घेतला, चष्मा चढवला, पट्टी काढली आणि आमच्या पिझ्झ्यावर ओणवे झाले. आजूबाजूची दोन-तीन टेबले एव्हाना गप्प झाली होती.

"रजिस्टर हललंय," त्यांनी जाहीर केले.

"म्हणजे?"

"एका रंगावर दुसरा रंग नेमका बसला पाहिजे. नाही बसला की रजिस्टर हललं म्हणतात. इथे बघा, लाल सॉस बरोबर मधोमध आहे, पण वरचं चीज सगळं उजवीकडे सरकलंय. डावीकडे मार्जिन सव्वा इंच. उजवीकडे अर्धा इंचसुद्धा नाही."

मी पाहिले. सव्वा इंचच होते.

"आता हा पीस घ्या. कांदा आहे, मका आहे, सिमला मिरची नाही. म्हणजे हिरवा रंग पडलाच नाही. असा कागद आमच्याकडे पुढे गेला असता, तर अख्ख्या पाळीला मेमो मिळाला असता."

कन्येला राहवले नाही. "पण आजोबा, चवीला काय फरक पडतो त्याने?"

त्यांनी तिच्याकडे अत्यंत करुणेने पाहिले. "बाळ, पाचशेच्या नोटेला चव असते का? तरी आपण ती बघूनच घेतो ना?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते, अजूनही मला सापडलेले नाही. तोवर काकांनी तो तुकडा दोन बोटांत धरून छतावरच्या दिव्यासमोर नेला होता. नोटेचा वॉटरमार्क पाहावा तसा एक डोळा मिटून त्यांनी तो पाहिला, आणि ज्या आवाजात डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात त्या आवाजात मला म्हणाले, "चीज फार पातळ झालंय हो. खालचा सगळा सॉस दिसतोय. पूर्वी असं नव्हतं." मग तुकडा खाली घेऊन त्यांनी निकाल दिला, "हा पीस रिजेक्ट."

"बरं, मग आता?"

"रिजेक्ट माल आवाराबाहेर जाऊ द्यायचा नसतो. तो जागेवरच, साक्षीदारासमोर नष्ट करायचा."

त्यांनी माझ्या कन्येला साक्षीदार नेमले आणि तो तुकडा चार घासांत नष्ट केला. नंतर कागदी रुमालाने बोटे पुसून, पेन काढून, खोक्याच्या झाकणावर तारीख घातली आणि खाली बारीकशी सही केली. एवढे सगळे त्यांनी इतक्या गांभीर्याने केले की रागवायची सोयच उरली नाही. खोक्याच्या मध्यभागी जी छोटी पांढरी प्लास्टिकची तिवई असते, ती मात्र त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि "हिचं काम चोख आहे," असा शेरा दिला. खोक्याचे झाकण खचून चीजला चिकटू नये म्हणून ही तिवई असते आणि न्यूयॉर्कच्या कार्मेला व्हिताले नावाच्या बाईंनी १९८५ साली तिचे पेटंट घेतले होते, ही माहिती मी उत्साहाने पुरवली. काकांनी ती ऐकून घेतली, पण त्यांची नजर आमच्या शेजारच्या तुकड्यावर खिळलेली होती. "याच्याबद्दलही मला जरा शंका आहे," ते म्हणाले. सुदैवाने तेवढ्यात नातवाने त्यांना हाक मारली.

माणूस विक्षिप्त असेल, पण चीज पातळ झाले आहे हे त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे, आणि मला चीड येते ती याच गोष्टीची. १९९६ साली पिझ्झा हट बंगळुरूला आणि डॉमिनोज दिल्लीला उघडले, आणि मग यथावकाश ही मंडळी नाशिकला पोचली, तेव्हा पिझ्झा खायला जाणे हा एक समारंभ होता. बसायला गाद्यांची बाके असत, मुलगा टेबलाशी येऊन वही-पेनाने ऑर्डर लिहून घेई, आणि पिझ्झा काळ्या तव्यासकट चरचरत यायचा. एका दुकानात दाराशी घंटा टांगलेली असे. सेवा आवडली तर जाताना ती वाजवायची, अशी पद्धत होती. पंचवटीत सगळा जन्म काढलेल्या आमच्या मावशीने ती आत शिरतानाच वाजवली, आणि समोर हात जोडण्यासारखे काही दिसेना म्हणून कॅशियरला नमस्कार केला. त्यानेही उठून नमस्कार केला होता. आज तिथे पडदा आहे. त्याला नमस्कार केला तर तो बर्गरची ऑफर दाखवतो.

मग डॉमिनोजच्या 'अर्ध्या तासात आला नाही तर फुकट' या हमीचा सुवर्णकाळ आला. मूळ अमेरिकेत ही हमी १९९३ सालीच गुंडाळावी लागली होती, कारण घाईत धावणाऱ्या गाड्यांचे अपघात आणि त्यावरचे खटले कंपनीला फार महागात पडले. आपल्याकडे मात्र सोसायटीच्या गॅलऱ्यांतून माणसे घड्याळाकडे बघत, त्र्यंबक रोडच्या सिग्नलवर पोराची गाडी अडकावी अशी मनोमन इच्छा बाळगत उभी राहायची. पोरगा अठ्ठाविसाव्या मिनिटाला घामाघूम होऊन दारात यायचा आणि आमचे चेहरे पडायचे. पोटात भूक, हातात गरमागरम पिझ्झा, आणि तरीही चेहरा पडलेला, असा दुर्मीळ योग त्यानंतर आमच्या घरात आला नाही.

अमेरिकेतल्या डॉमिनोजने २००९ च्या अखेरीस एक धाडस केले. आमचा पाव पुठ्ठ्यासारखा लागतो असे लोक म्हणतात, हे त्यांनी स्वतःच जाहिरातीत दाखवले आणि पाककृती मुळापासून बदलली. इथे मात्र 'चीज'च्या ऐवजी 'चीझी' असे लिहून काम भागवण्याकडे बाजाराचा कल आहे. २०२२ साली हरियाणातल्या जीएसटीच्या अपिलात असाच एक मामला आला होता. पिझ्झ्यावर घालायचे मोझरेला टॉपिंग हे चीज मानावे की नाही? त्यात वनस्पती तेल बरेच असल्याने ते चीज नव्हे, सबब त्यावर १८ टक्के कर, असा निर्णय झाला. म्हणजे जे ओळखायला सरकारी अधिकाऱ्यांना एवढी कागदपत्रे लागली, ते आमच्या नोटप्रेसच्या काकांनी एका दिव्याच्या उजेडात ओळखले असते.

सॉसचे तर विचारूच नका. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात हंगामात टोमॅटोच्या क्रेटचे डोंगर उभे राहतात, भाव पडला की शेतकरी ते रस्त्यावर ओतून जातो, आणि तिथून तासाभराच्या अंतरावर मी जो सॉस खातो त्याला टोमॅटोपेक्षा साखरेचीच चव जास्त असते. २०२३ च्या पावसाळ्यात टोमॅटो किलोला शंभरीपार गेला, तेव्हाही पिझ्झ्यावरचा सॉस तितकाच लाल होता. मला तेव्हापासून संशय आहे.

घरात यावर वाद होतोच. चिरंजीव नेपल्सच्या बाजूचे. ४८५ अंशांच्या आसपास तापलेल्या लाकडाच्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत भाजलेला, कडा फुगलेला आणि मध्ये ओलसर असलेला पिझ्झा, हाच काय तो खरा, असे तो म्हणतो. त्या कलेला युनेस्कोने २०१७ साली वारसा म्हणून मान्यता दिली, हेही तो दर वेळी ऐकवतो. गंगापूर रोडवर आता अशा भट्ट्या झाल्या आहेत. पिझ्झा नितांत सुंदर असतो, पण तो हातात घेतला की मधला भाग मान टाकतो आणि सगळा ऐवज मांडीवर येतो. रोममध्ये म्हणे पिझ्झा कात्रीने कापून वजनावर विकतात. हा व्यवहार मला सरळ वाटतो, आणि आमच्या काकांनाही पटेल.

शिकागोचा जाडजूड पिझ्झा १९४३ पासूनचा. पातेल्याएवढ्या खोल भांड्यात आधी चीज आणि वर टोमॅटो, असा सगळा उलटा कारभार. तो खाल्ल्यावर माणसाला झोपायला सुट्टी टाकावी लागेल. मला मोह आहे तो डेट्रॉइटच्या चौकोनी पिझ्झ्याचा. १९४६ च्या सुमारास तिथल्या कोणीतरी मोटारींच्या कारखान्यात सुटे भाग ठेवायला वापरतात ते पोलादी ट्रे उचलले आणि त्यात पिझ्झा भाजला. चीज कडेपर्यंत पसरते, ट्रेला लागून करपते आणि त्याची कुरकुरीत झालर होते. सातपूर आणि अंबडमध्ये मोटारींचे सुटे भाग बनवण्यात आमची अख्खी पिढी गेली, ट्रेंना तोटा नव्हता, पण एकालाही ही बुद्धी झाली नाही.

अननसाच्या पिझ्झ्याबद्दल मी बोलणार नाही. तो १९६२ साली कॅनडात सॅम पॅनोपुलोस यांनी काढला, आणि २०१७ साली आइसलँडच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यावर बंदी घालावीशी वाटते असे म्हणून जगभर खळबळ उडवली. मला भीती वेगळीच आहे. आपला जिल्हा द्राक्षांचा. कोणत्या तरी साखळीतल्या साहेबाच्या हे एकदा लक्षात आले की निफाडची द्राक्षे आणि पेरी पेरी पनीर एकाच पिझ्झ्यावर येतील, आणि त्याला 'नाशिक स्पेशल' म्हणतील.

नाशिककराला खाण्यात हिशेब आवडत नाही, ही मूळ अडचण आहे. इथे मिसळीच्या ठिकाणी रश्श्याची किटली घेऊन पोरगा टेबलाटेबलावरून फिरतो आणि नको म्हणेपर्यंत ओततो. रश्श्याला कोणी पुडी बांधत नाही. एका वाटीला दोनच पळ्या, असे जो म्हणेल त्याचे दुकान आठवडाभर चालणार नाही, आणि या गावात राहून ओरेगॅनो मोजायचा म्हणजे कमाल आहे.

त्यामुळे माझे मत अजूनही गाडीवरच्या तव्यातल्या पिझ्झ्याला. बेकरीचा तयार बेस, त्याला सढळ हाताने अमूल बटर, त्यावर केचप आणि शेजवान चटणीचे मिश्रण, कांदा, सिमला मिरची, टोमॅटो, आणि मग गाडीवाला किसणी घेऊन थेट वरून चीजचा ठोकळा किसू लागतो. आपण बस म्हणेपर्यंत तो किसत असतो. वर पातेले उपडे घालतो, बुडाला करप लागतो, आणि उलथन्याने कचाकच चार तुकडे होतात. इटलीचा माणूस हे पाहून रडेल. रडू दे.

आमच्या घराजवळच्या गाडीवर मात्र अलीकडे नवा फलक लागला आहे. साधा, चीज आणि एक्स्ट्रा चीज, असे तीन वेगवेगळे दर. किसणीही आता गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशी आतल्या बाजूला ठेवलेली असते. मी तिकडे मान लांबवून पाहिले, तर तो म्हणाला, "चीज केवढ्याला झालंय, सर!" गेली कित्येक वर्षे तो मला दादा म्हणत असे.