फोटोत चिमुकली, अंगणात थोराड

बीएमडब्ल्यूच्या झेड४ या उघडणाऱ्या छपराच्या दोन आसनी गाडीवरचा तुमचा लेख वाचला. ‘झेड४ प्रत्यक्षात फोटोपेक्षा लहान वाटते’ हे त्यातलं वाक्य मात्र पटलं नाही. मी बुक केली आहे, गेल्या रविवारी बडोद्याहून अहमदाबादला जाऊन पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. उंची कमी (१३०४ मिमी), म्हणून दुरून खेळणं वाटते, एवढंच. रुंदी १८६४ मिमी आहे हो! आमच्या शेजाऱ्यांच्या इनोव्हा क्रिस्टापेक्षाही जास्त. दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत ती इनोव्हाच आरसे मिटून आत शिरते. परत आल्यावर आधी टेप घेऊन फाटक मोजलं. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं उरतात.

छप्पर दहा सेकंदांत उघडतं हे तुम्ही लिहिलंत, पण उघडलं तरी डिकीची जागा तेवढीच (२८१ लिटर) राहते, हे राहून गेलं. आमच्या घरी तोच प्रश्न पहिला आला. आणि बसण्या-उठण्याबद्दल एक ओळ हवी होती. बाबा आत बसले झोकात, बाहेर काढायला मात्र मी आणि सेल्समन, दोघं लागलो. वर म्हणतात, “रंग चांगलाय, पण पाटावर बसल्यासारखं वाटतं.” बुकिंग रद्द केलेलं नाही.