तिला डबल्सला ‘टाकलेलं’ नाही, ती डबल्स खेळते

आज सकाळी टेनिस क्लबवर लेकीची प्रॅक्टिस संपायची वाट बघत बसले होते. शेजारी एक पालक, रोजचे ओळखीचे. लेक बाकावर बसून रॅकेटची ग्रिप गुंडाळत होती. तिच्याकडे बघत म्हणाले, "काय, सिंगल्स जमेना म्हणून डबल्सला टाकलंत का हिला?" तिनं ऐकलं. मान वर केली नाही, पण गुंडाळलेली ग्रिप पूर्ण उलगडून पहिल्यापासून परत गुंडाळायला घेतली. मी एवढंच म्हटलं, "अहो, आपला टेनिसपटू रोहन बोपण्णा जवळजवळ आयुष्यभर डबल्सच खेळला." तर म्हणे, "तेच तर. सिंगल्समध्ये कुठं होता तो?"

लेकीसमोर वाद नको म्हणून तिथं गप्प बसले. आता बोलते.

सिंगल्समध्ये कुठं होता? २१३ व्या क्रमांकावर, २००७ साली. त्याच्या वर कधी गेला नाही, हे खरं आहे. पण सप्टेंबर २०१० आठवा. चेन्नईत डेव्हिस कप, म्हणजे देशादेशांची टेनिस स्पर्धा, समोर ब्राझील, आपण ०-२ मागे. तिथून २-२ झालं आणि पाचव्या, निर्णायक सिंगल्सला उतरला रोहन बोपण्णा. आठवडाभरापूर्वीच न्यूयॉर्कमध्ये यूएस ओपनची डबल्स फायनल खेळून आला होता. रिकार्डो मेलोला हरवलं आणि भारत वर्ल्ड ग्रुपमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात राहिला. त्या संध्याकाळी कुणी विचारलं नव्हतं, हा सिंगल्समध्ये कितवा म्हणून.

मला मात्र डबल्स कळलं ते बालेवाडीत. जानेवारी २०१९. महाराष्ट्र ओपन तेव्हा आपल्याकडे भरायची. (ती स्पर्धा पुण्यातून गेली याचं दुःख वेगळं, त्यावर परत कधीतरी.) बोपण्णा दिविज शरणबरोबर खेळत होता. फायनल नव्हे, त्याच्या आधीचा सामना. बाबांना घेऊन गेले होते. बाबा तरुणपणी कबड्डी खेळायचे, डावा कोपरा. त्या वेळच्या मातीच्या मैदानांनी गुडघे कायमचे कामातून गेलेले. स्टँडच्या पायऱ्या चढायला आम्हाला दहा मिनिटं लागली. टेनिसचे नियम बाबांना धड माहीत नव्हते. दोन-तीन गेम गप्प बसून बघितले आणि मला कोपरानं ढोसलं. "तू बॉलकडे काय बघतेस? ज्याच्याकडे बॉल नाही त्याच्याकडे बघ."

बघितलं. बोपण्णा सर्व्हिसला उभा होता. शरण नेटजवळ, आमच्याकडे पाठ, कमरेमागे हात आणि बोटांनी खूण चाललेली. बोपण्णानं बॉल वर फेकला. सर्व्हिस पडली, समोरच्याची रॅकेट बॉलला लागायच्या आतच शरण आडवा सरकला होता. परत आलेला बॉल थेट त्याच्या रॅकेटवर, पॉइंट खलास. बाबा म्हणाले, "हा कव्हर, कबड्डीत कोपऱ्याच्या मदतीला धावतो तो. कोपऱ्यानं घोटा धरला तरी कव्हर वेळेत आला नाही, तर चढाईवाला निसटतो."

इतकी वर्षं टेनिस बघून मला जे दिसलं नव्हतं, ते कबड्डीच्या माणसाला वीस मिनिटांत दिसलं.

बोपण्णाची सर्व्हिस नुसती जोरात नव्हती. सहा फूट चार इंच उंची, उंचावरून खाली येणारा बॉल, आणि तो नेमका कुठं टाकायचा हे आधी ठरलेलं. समोरच्याला नीट परतवताच येत नाही, म्हणून तर नेटवरच्या जोडीदाराला आडवं पळायची हिंमत होते. कूर्गला घरच्या कॉफीच्या मळ्यांत वाढलेला हा मुलगा सर्व्हिसला ताकद यावी म्हणून लाकडं फोडायचा. एका हाताचा बॅकहँड. रिटर्न असा सपाट आणि जोरदार, की नेटवर उभ्या असलेल्या माणसानं अंग चोरावं. शिवाय टूरवरच्या डबल्सला ४०-४० झालं की ॲडव्हान्टेज नसतो, म्हणजे सलग दोन पॉइंटची सवलत नाही, एका पॉइंटवर गेम. एकेक सेट झाला की तिसरा सेटच नाही, थेट दहा पॉइंटचा टायब्रेक. हात थरथरायला लागले तर सावरायला वेळच मिळत नाही. असं तो वीस वर्षांहून अधिक खेळला, आणि आपण म्हणतो, दोघं मिळून खेळतात, त्यात काय!

बरं. सिंगल्सचे पहिले दहा जण वर्षभर मन लावून डबल्स खेळले असते तर चित्र वेगळं दिसलं असतं, हेही मान्य करते. पण ते खेळत नाहीत. जे खेळतात त्यांच्यात पहिला येणं म्हणजे पहिला येणंच.

हे लिहिताना जरा शांत झाले, कारण बाबांच्या त्या पायऱ्या परत आठवल्या. आम्ही वर बसून ज्याच्या सर्व्हिसला टाळ्या वाजवत होतो, त्याच्या गुडघ्यांतली कूर्चा पार झिजलेली होती. त्या सुमारास दिवसाला दोन-तीन वेदनाशामक गोळ्या घेऊन खेळत होता तो, त्यानंच नंतर सांगितलं. कोर्टावरच्या आणि स्टँडमधल्या, दोघांच्याही गुडघ्यांची एकच कथा, आणि आम्हाला पत्ता नाही. त्यानं अय्यंगार योग सुरू केला. आपल्या पुण्यात राहून बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी जो घडवला, तोच. ती बातमी मी बाबांना वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बाबा त्या योगात आधाराला लागणारी खुर्ची आणि दोरी घेऊन बसलेले. आता जिना उतरताना कठड्याला हात लावतात, पण माझा हात धरत नाहीत.

२०२१ मध्ये बोपण्णानं पाच महिने एकही सामना जिंकला नव्हता. पोर्तुगालमध्ये समुद्राकडे बघत बसला होता, आता घरी जावं म्हणत. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, घरी लहान मुलगी. तेव्हा थांबला असता तर कुणीही दोष दिला नसता.

आणि मग २७ जानेवारी २०२४. मेलबर्न, ऑस्ट्रेलियन ओपनची फायनल. जोडीदार मॅथ्यू एब्डनबरोबर, समोर इटलीचे बोलेली आणि वावासोरी. ७-६, ७-५, पहिल्या सेटचा टायब्रेक ७-०! पुरुष दुहेरीतलं पहिलं ग्रँड स्लॅम, वयाच्या ४३ व्या वर्षी. दोन दिवसांनी डबल्समध्ये जगात पहिला क्रमांक. इतक्या वयात तिथं आजवर कुणीच पोहोचलं नव्हतं. मी आणि बाबा टीव्हीसमोर होतो. बाबा एब्डनकडेच बघत होते. मॅच पॉइंटलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काय होतं? हैदराबादची टेस्ट इंग्लंडनं कशी नेली, यावर शंभर मेसेज. बोपण्णावर माझा एक, खाली दोन अंगठे. आजही ते आठवलं की संताप येतो. पद्मश्री मिळाली, तेव्हाही "कोण हा?" विचारणारे निघालेच.

मला तर जिंकलेल्या फायनलपेक्षा हरलेली जास्त प्रिय आहे. यूएस ओपन २०२३. पॉइंट बोपण्णा-एब्डनला मिळालेला. पंचांनी काही पाहिलं नाही, समोरच्यांनी काही म्हटलं नाही. बोपण्णा स्वतः पुढं होऊन म्हणाला, बॉल माझ्या हाताला घासून गेला, पॉइंट त्यांचा. ग्रँड स्लॅमची फायनल, तीही त्रेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा मिळेल याची काहीच खात्री नसताना. त्या सामन्यात ते हरले. हे लेकीला मी किती वेळा सांगितलंय त्याला गणती नाही.

गेल्या नोव्हेंबरात, २०२५ मध्ये, त्यानं खेळणं थांबवलं. तेव्हा काहीतरी लिहायचं मनात होतं, राहून गेलं. आज त्या पालकांनी लिहायला लावलं.

मघाशी लेकीला विचारलं, तुला सिंगल्स खेळायचंय का? राग आला तिला. म्हणाली, "आई, मला नेटवर उभं राहायला आवडतं. सर्व्हिस पार्टनरची असते, पण मी कुठं जाणार हे मी ठरवते." मग तिनं आजोबांच्या खोलीत जाऊन, कमरेमागे हात धरून, उद्याच्या सगळ्या खुणा त्यांना दाखवल्या. मूठ म्हणजे जागेवर, दोन बोटं म्हणजे आडवं जायचं.

उद्या साडेआठला तिचा सामना आहे. बाबांनी टोपी आत्ताच काढून ठेवलीय. ते सकाळचे पालकही तिथं असतीलच. बाबांना मी मुद्दाम त्यांच्या शेजारची खुर्ची देणार आहे.