पाटी आधी दिसते की काठ?

गेल्या महिन्यात आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि रिक्षातून बेळगावातल्या वडगावला घरी येताना मी तिची परीक्षाच घेतली. "ती पाटी वाच बघू." शेजारच्या अक्का सोबत होत्या. त्या आपल्या कन्नड पाटीकडं बोट दाखवायला लागल्या. आईला कन्नड वाचता येत नाही, हे इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांच्या ध्यानात राहिलेलं नाही. आईनं दोन्ही पाट्यांकडं ढुंकूनही बघितलं नाही. एका गच्चीवर साडी वाळत होती. "ती इरकल नव्हे," म्हणाली, "नुसता रंग इरकलीचा. पदर बघ की तिचा."

ऑपरेशन चांगलं झालंय, हे तेव्हाच कळलं. विणकराची लेक ती. शाळा सुटली आणि कांड्या भरायला बसली. तिला माणूस आधी दिसत नाही, अंगावरचं कापड दिसतं.

मी आणि अक्का मात्र घर येईपर्यंत पाट्यांवरनं भांडलो. माझं म्हणणं, आता बेळगावात मराठी अक्षर शोधायला भिंग घेऊन फिरावं लागतं. पाटीचा ६० टक्के भाग कन्नडला, असा कायदा २०२४ मध्ये झाला, तेव्हापासून तर विचारूच नका. अक्का म्हणाल्या, "कायदा हाय, खरं गल्लीत शिरलं की सगळं मराठीच हाय की!" (बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.) रस्ता एक, रिक्षा एक, दोघींच्या चष्म्याचा नंबरही जवळपास सारखा. खोटं कुणीच बोलत नव्हतं. मी माझ्या नसलेल्या पाट्या मोजत होते, त्या त्यांच्या.

हे भाच्याला सांगितलं. तो मानसशास्त्र शिकतोय. त्यानं अमेरिकेतली एक जुनी गोष्ट सांगितली. १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन कॉलेजांची फुटबॉलची मॅच झाली. त्यांचा फुटबॉल म्हणजे आपल्या कुस्तीसारखाच दांडगा. कुणाचं नाक मोडलं, कुणाचा पाय. नंतर हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोघा मानसशास्त्रज्ञांनी मॅचची फिल्म दोन्हीकडच्या पोरांना दाखवली आणि नियम किती वेळा मोडले ते टिपायला सांगितलं. प्रिन्स्टनच्या पोरांना डार्टमथच्या संघाच्या चुका सरासरी ९.८ दिसल्या. खुद्द डार्टमथच्या पोरांना आपल्या संघाच्या ४.३. फिल्म तीच. १९५४ मध्ये त्यांनी हे छापलं. भाच्याला वाटलं मला नवल वाटेल. मी म्हटलं, बाबा, आमच्याकडं १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनाला ये. एका रस्त्यावर मराठी माणसांच्या दंडाला काळ्या फिती, दुसऱ्यावर कन्नड लोकांचे लाल-पिवळे झेंडे. सकाळ एकच, आणि दोन्हीकडच्या माणसांना दुसरा रस्ता वाकडा दिसतो.

आता यावर लोक लगेच सांगतात, सगळ्या ओळखी खुंटीला टांगा आणि निर्मळ नजरेनं बघा. मला हे पटत नाही. असली नजर मी अजून कुणाची बघितलेली नाही. उलट ओळखी भरपूर असल्या की बरं, एकीला जे दिसत नाही ते दुसरीला दिसतं. आमच्या सीमाभागात घोळ असा की १९५६ मध्ये भाषेवरनं राज्यं पाडली तेव्हापासून एकच प्रश्न विचारला जातोय, मराठी की कन्नड? शाळेत, कचेरीत, लग्न जुळवताना, मत मागताना. २००४ पासून सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, तिथंही तोच. एवढ्यांदा विचारल्यावर तेवढा एक डोळा तयार होतो आणि बाकीचे मिटून जातात. आईला हा प्रश्न कुणी कधी विचारलाच नाही, बाईमाणूस म्हणून. त्यामुळं तिचा विणकराचा डोळा शाबूत राहिला असावा, असा माझा कयास.

आणि ती ओळख तरी कुठं एका जागी थांबते? पुण्यात शिकायला होते तेव्हा मी "मी जातो" म्हटलं की हॉस्टेलच्या पोरी हसायच्या. आमच्याकडं बायका असंच बोलतात. तिथं मी 'कानडी' झाले. नोकरीला बेंगळुरूत गेले, तर ऑफिसात सगळे 'महाराष्ट्रावाली' म्हणायचे. त्याच पुण्याच्या मैत्रिणी आता सणावाराला "अस्सल मराठमोळं" म्हणून इरकल नेसतात, खणाची चोळी शिवतात. इरकल जिथली ते इलकल आणि खण जिथला ते गुळेदगुड्ड, ही दोन्ही गावं कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातली. अक्कांना हे सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. आई म्हणाली, "चोळी कुणाची का असेना, खण चांगला असला म्हणजे झालं."

खानापूर तालुक्यातलं नंदगड हे माझ्या मावशीचं गाव. संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी १८३१ मध्ये फाशी दिलं ते तिथंच, आणि त्याची समाधीही तिथंच. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा हा शिलेदार मी शाळेत मराठीतनं शिकले, परीक्षेत त्याच्यावर मार्कही मिळवले. खरं मावशीकडं जाताना त्याच्या फाशीचं ते वडाचं झाड मला कधी दिसलं नाही. मला दिसायची मावशीच्या दारातली फणसाची झाडं. मी तिथं सुट्टीला आलेली भाची होते ना! अक्कांचं मात्र एक जुनं मागणं होतं, नंदगड बघायचं.

परवा रविवारी तिघी गेलो. अक्का वडापाशी गेल्या, चप्पल काढली आणि पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या. डोळे भरलेले. मी शेजारी उभी होते, हात जोडले, आणि एवढी वर्षं याच वाटेनं जाऊन हे झाड दिसलं कसं नाही म्हणून स्वतःवरच चिडले. मग मावशीकडं जेवायला गेलो. अक्का आत शिरता शिरता फणसाखाली थांबल्या आणि म्हणाल्या, "एवढे फणस! आणि तू इतक्या वर्षांत एक तरी आणलास काय आमच्याकडं?"

आई तोवर आत जाऊन मावशीच्या नव्या साडीचा काठ चिमटीत धरून बसली होती.