सहा बटवे आणि एक चटका: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून दोन दिवस झाले. 'धन्यवाद, सूचना लक्षात घेते' एवढं लिहून मोकळं व्हायचं नव्हतं, म्हणून वेळ घेतला. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. संक्रांतीच्या तोंडावर मी 'एका दुपारी शिवून होणाऱ्या दहा भेटी' असा लेख लिहिला होता. तो वाचून ताईंनी ओटीत आलेल्या ब्लाऊजपीसचे सहा बटवे आणि एक मसोतं शिवलं. दुपार कसली, चार संध्याकाळी गेल्या. नाडी नेफ्यात अडकली, खणाच्या कडांचे धागे निघाले. एक बटवा नणंदेला दिला, तो तिच्या कपाटात पडून आहे ('ती दिवसभर गाडीवर असते, तिला बटवा काय करायचा?'). शेजारणीने तिच्या बटव्यात कपड्यांचे चिमटे भरलेत. मसोत्याने तवा उचलताना हाताला चटका बसला. आणि शेवटी त्यांनी लिहिलंय, 'तुळशीबागेत असले बटवे शंभराला दोन मिळतात. हाताने शिवलेली भेट म्हणजे देणारीची हौस आणि घेणारीला अडगळ.'

आधी चटक्याबद्दल. ती चूक सर्वस्वी माझी आहे. मसोत्यात 'पातळ फोम किंवा रजईतला पॉलिस्टरचा थर घाला' असं मी लिहिलं होतं, आणि ते लिहायला नको होतं. पॉलिस्टर अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, त्याच्या आधीच मऊ पडून दबतं, आणि मोठ्या आचेवरचा लोखंडी तवा तिथवर सहज पोचतो. शिवाय असल्या थराची सगळी करामत त्यात अडकलेल्या हवेत असते. तव्याची कड आपण घट्ट धरली की बोटाखालची हवा निघून जाते आणि नेमकी तिथेच उष्णता आत येते. मसोत्याला वरून, आतून सगळं सुतीच हवं. जुना टर्किश टॉवेल कापून त्याचे निदान चार थर घ्या, वर जुन्या सुती चादरीचं कापड, आणि थर सरकू नयेत म्हणून दोन-दोन इंचांवर आडव्या-उभ्या टिपा. सुती कापड करपेल, पण वितळून कातडीला चिकटणार नाही. मसोतं ओलं असताना मात्र गरम भांड्याला लावू नका. ओल्या कापडातून उष्णता झटकन हाताला लागते आणि वर वाफेचा चटका बसतो. मूळ लेखात हा बदल आज सकाळीच केलाय. तुमचा हात आता बरा असेल अशी आशा आहे, आणि मनापासून माफी मागते.

दुसरं म्हणजे 'एका दुपारी'. तुमचं बरोबर आहे. मशीनवर रोज हात असलेल्या बाईची ती दुपार होती, आणि तिच्यातही कापड भिजवून वाळवायचा वेळ मी धरलाच नव्हता. मी 'सोपं' म्हणते तेव्हा माझ्या मनात एवढंच असतं की सगळ्या शिवणी सरळ आहेत. बाही नाही, गळा नाही, चुण्या नाहीत. शाळेत शिवणाच्या तासाला रुमाल केलेल्या कुणालाही जमेल असं. सरळ शिवणीलाही वेळ लागतोच. 'कमी खर्चात' हे शब्दही मी काढून टाकलेत. अस्तर, चेन, नाडी, धागा यांचा हिशोब मांडला आणि स्वतःच्या तासांना काही किंमत धरली, तर घरी शिवलेला बटवा तुळशीबागेपेक्षा महागच पडतो. पैसे वाचवायला भेट शिवू नये, यावर आपलं एकमत आहे.

आता बटवा. नाडी का अडकली ते मला तुमच्या वर्णनावरून जवळजवळ दिसतंय. तुम्ही बाजूच्या शिवणी वरपर्यंत मारल्या आणि मग तोंड दुमडलंत, हो ना? तसं केलं की नेफ्याच्या वाटेत शिवणीची जाड गाठ येते, आणि नाडीला बाहेर पडायला भोकही उरत नाही. बाजूची शिवण वरून साडेतीन इंच सोडून द्यायची. त्या उघड्या राहिलेल्या कडा आत दुमडून आधी टीप मारून घ्यायची. मग तोंडाची कड अर्धा इंच आणि पुन्हा दीड इंच दुमडायची. एक टीप खालच्या दुमडलेल्या कडेवर, दुसरी तिच्या वर पाऊण इंचावर. या दोन टिपांमधला बोगदा म्हणजे नेफा, आणि त्याच्या वर राहते ती पाऊण इंची झालर. नाड्या दोन घ्यायच्या. एक डावीकडून आत घालून पूर्ण फिरवून डावीकडेच काढायची, दुसरी उजवीकडून तशीच. टोकाला सेफ्टी पिन लावली की ती सरसर फिरते. आता ओढून बघा.

धागे निघाले त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. खणाचं कापड तसंच असतं, कापलं की दशा सुटायला लागतात. त्याला पाव इंच माया, म्हणजे शिवणीच्या बाहेर सोडलेलं कापड, पुरत नाही, अर्धा इंच तरी ठेवावी. आणि पिको करून आणायला जायचं नसेल तर शिवण दोनदा मारावी. आधी कापडाच्या उलट बाजू एकमेकींना लावून, म्हणजे सुलट बाजू बाहेर ठेवून, एक टीप; मग माया कापून बारीक करायची, बटवा उलटा करायचा आणि पुन्हा टीप. कापलेल्या कडा दोन टिपांच्या मधे कोंडल्या जातात. आतून अस्तर असल्यासारखं स्वच्छ दिसतं. कडा वाकड्या होण्याचं कारण बहुतेक वेळा ब्लाऊजपीसमध्येच असतं. घड्या घालून वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं कापड तिरकं झालेलं असतं. कापण्याआधी आडवा एक धागा ओढून काढावा आणि त्या रेघेवर कात्री चालवावी.

इथे मला मूळ मुद्द्यावर येऊ द्या. तुम्ही ओटीतले ब्लाऊजपीस घेतलेत कारण मीच तसं सुचवलं होतं. 'घरात साठलेल्या कापडाचं काय करायचं' इथून माझा लेख सुरू झाला होता, आणि आता वाटतं की घोटाळा तिथेच झाला. ब्लाऊजपीस आपल्याकडे या घरातून त्या घरात फिरत असतात, आपण त्यांना बटव्याचा आकार दिला तरी ते फिरतच राहतात. २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यानंतर कापडी पिशव्यांचंही हेच झालं. मुंजीत पिशवी, डोहाळजेवणात पिशवी, सोसायटीच्या कार्यक्रमात पिशवी. माझ्या दाराच्या मागच्या खुंटीवर सतरा आहेत. त्यातल्या वापरात तीन. त्या तिन्हींचे बंद खांद्यावर नीट बसतात आणि तळाला दुहेरी कापड आहे, एवढंच त्यांचं वेगळेपण.

पण यावरून 'शिवलेली भेट म्हणजे अडगळ' असं तुम्ही म्हणता, ते मला मान्य नाही. का ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि घरात वॉकर आला. दोन्ही हात वॉकरवर, मग चष्मा धरायचा कसा आणि फोन न्यायचा कसा? त्या चष्मा दातात धरून चालायच्या. विकतच्या पिशव्या मिळतात, एक आणलीही. ती इतकी खाली लोंबायची की त्यांचा पाय तिला लागायचा. मग टेप घेऊन बसले. पुढच्या आडव्या दांडीची मोकळी लांबी पंधरा इंच भरली. पिशवी केली तेरा इंच रुंद आणि नऊ इंच खोल, निळ्या जाड ड्रिलची, वर त्यांच्या विरलेल्या इरकलीच्या काठाची पट्टी. पहिला प्रयत्न फसला. चष्म्याचा खिसा मी खोल केला होता, चष्मा तळाशी जायचा आणि त्यांना वाकावं लागायचं. नेमकं वाकायलाच डॉक्टरांनी मनाई केली होती. उसवलं. खिसा साडेचार इंच केला, म्हणजे काड्या वर राहतात. फोनचा खिसा मच्छरदाणीच्या जाळीचा केला. त्यांना कमी ऐकू येतं, जाळीतून फोनचा उजेड दिसतो. पाण्याच्या बाटलीचा खिसा त्या मागत होत्या, तो मात्र दिला नाही, कारण पुढे वजन टांगलं की वॉकर पुढे कलंडू शकतो. बांधायला वेल्क्रोचे तीन पट्टे, धुवायला काढता यावेत म्हणून.

सगळ्या शिवणी सरळ. तुम्ही बटव्याला मारल्यात त्यापेक्षा एकही अवघड नाही. पण ही पिशवी तुळशीबागेत नाही, लक्ष्मी रोडवर नाही, रविवार पेठेच्या कापडगंजातही नाही, कारण ती एका बाईच्या हाताच्या लांबीवर आणि चष्म्याच्या काडीवर बेतलेली आहे. माझ्या दहा भेटींच्या लेखात हेच सांगायचं राहून गेलं. शिवण येणाऱ्या माणसाकडे दुकानाला न जमणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे माप. ते न घेता शिवलं तर आपण फक्त एक वाईट दुकान होतो. तुमचे शब्द कठोर होते, पण ते वाचल्यावरच मला हे स्वतःशी नीट मांडता आलं.

त्याहूनही सोपं उदाहरण देते. आईची रोजच्या वाचनातली ज्ञानेश्वरी आहे, बांधणी खिळखिळी झालेली. तिला मी बासन करून दिलं. मांजरपाटाचा चौकोन, ग्रंथ तिरका ठेवून चारही कोपरे वर मिटतील एवढा. तिच्या ग्रंथाला तो तीस इंची लागला. चारी कडा दुमडून टीप आणि एका कोपऱ्याला हातभर नाडी, संपलं. मांजरपाट आधी रात्रभर पाण्यात टाकून खळ काढली, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून कोपरे पुरले नसते. आई रोज सकाळी ती नाडी सोडते आणि वाचन झालं की बांधते. बासनात गुंडाळणं म्हणजे एखादी गोष्ट कायमची बाजूला टाकणं, असं आपण म्हणतो. तिच्याकडे ते बासन रोज उघडतं.

शेजारणीच्या चिमट्यांचं तुम्हाला वाईट वाटलं, ते समजतं. पण त्याकडे मी वेगळ्या नजरेने बघते. तुमच्या सहा बटव्यांपैकी तो एकच रोज हातात येतो. दांडीपाशी लटकतो, उन्हातान्हात राहतो. तिने तिच्या गरजेचं माप स्वतःच शोधलं. पुढच्या वेळी तिला चिमट्यांचीच पिशवी द्या, तोंडाशी आत हँगर घातलेली, म्हणजे दोरीवर सरकवता येते. बघा तिला काय वाटतं.

हळदीकुंकवाचं वाण मात्र शिवू नये, असं मला आता वाटतं. पंचवीस बायकांना पंचवीस सारख्या वस्तू द्यायच्या तर तिथे मापाचा प्रश्नच येत नाही. ते सरळ बचत गटाकडून घ्यावं, त्यांचीही चार कामं होतात. आपण वर्षाला दोन-तीनच भेटी शिवाव्यात, आणि ज्याला देणार त्याच्या घरात आधी थोडं बसून यावं.

आणि आता नणंदबाई. तुमच्याच प्रतिक्रियेत त्यांची भेट लिहिलेली आहे: 'ती दिवसभर गाडीवर असते.' पुण्यात दिवसभर गाडीवर म्हणजे तोंडाला स्कार्फ आलाच. विकतचे बहुतेक स्कार्फ सिंथेटिक असतात, हेल्मेटच्या आत घाम धरतात आणि गाठ सुटते. त्यांना मलमलचा करून द्या. दोन मीटर मलमल घ्या, पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, चव्वेचाळीस इंची असतो. भिजवून वाळवून इस्त्री करा आणि लांबीत मधोमध कापा, बावीस इंची दोन स्कार्फ निघतील, एक धुण्यात असताना दुसरा वापरात. काठ आहे ती बाजू तशीच ठेवा. बाकीच्या तीन बाजू चिमटीत गुंडाळत गुंडाळत हाताने हेम घाला. मशीनची टीप मलमलला ओढून धरते आणि कड ताठ होते, ती गालाला टोचते. गडद रंग घेणार असाल तर आधी ओला पांढरा रुमाल घासून बघा, नाहीतर घामाने रंग मानेवर उतरेल.

पण कात्री लावण्याआधी त्यांचा सध्याचा स्कार्फ एकदा मागून घ्या आणि मोजा. दोन वेढे घेऊन मागे गाठ मारतात की टोकं पुढे खोचतात, ते विचारा. टोकं लोंबून मागच्या चाकाकडे जातील एवढी लांबी ठेवायची नाही, त्यांना पावणेदोन मीटर पुरत असेल तर तेवढंच कापा. माप कळलं की इथेच लिहा. कापड कुठे चांगलं मिळेल ते मी सांगते, आणि हेमचा टाका जमत नसेल तर फोटो टाका, कुठे चुकतंय ते बघू.